हॉर्न बसलाय? आधी व्होल्ट मोजा, मग दुकानात जा

मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) बाइक चालवताना शेजारचा कंटेनर आपल्या लेनमध्ये सरकायला लागतो, अंगठा बटणावर जातो आणि हॉर्नमधून सर्दी झाल्यासारखा घोगरा आवाज निघतो. ड्रायव्हर उंच केबिनमध्ये, काचा बंद. त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. असं एकदा झालं की माणूस त्याच संध्याकाळी मोठा हॉर्न शोधायला लागतो, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढे. नवा हॉर्न आणला, जुन्या दोन वायरी त्यालाच खोचल्या, चार दिवस बरा वाजला आणि महिन्याभरात तोही रडायला लागला. कारण बऱ्याच वेळा हॉर्न कमजोर नसतो, उपाशी असतो. बॅटरीतून निघालेले व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

डबीच्या आत काय चालतं

चपट्या गोल हॉर्नमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या: पातळ पोलादी पडदा, त्याच्यामागे तांब्याच्या तारेची कॉइल आणि एक बारीक कॉन्टॅक्ट पॉइंट. बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं आणि पडद्याला ओढतं. पडदा ओढला जाताना कॉन्टॅक्ट उघडतो, करंट तुटतो, पडदा झटक्याने परत येतो, कॉन्टॅक्ट पुन्हा मिटतो. हे सेकंदाला साधारण तीनशे ते पाचशे वेळा होतं आणि तेच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतं. चपट्या हॉर्नमध्ये पडद्याबरोबर एक ताटलीही थरथरते. आवाजातला दोन-तीन हजार हर्ट्झचा चिरका भाग तिच्यामुळे येतो आणि रहदारीच्या गोंगाटातून आरपार जातो तो हाच भाग. गोगलगाईच्या शंखासारख्या हॉर्नमध्ये ताटलीऐवजी वळणदार नळीतली हवा घुमते, म्हणून त्याचा आवाज भरदार, कारसारखा येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हॉर्नला १३ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर व्होल्ट पंधरा टक्क्यांनीच कमी होतात, पण ओढ पाव हिश्शाहून जास्त घटते. पडदा पुरता ओढला जात नाही, कॉन्टॅक्ट धड उघडत नाही आणि आवाज बसतो.

हे व्होल्ट कुठे सांडतात? बाइकमध्ये हॉर्नचा करंट बॅटरीतून मेन फ्यूज, तिथून चावीचं स्विच, मग हँडलवरचं बटण, हॉर्न आणि शेवटी अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली फ्रेम) अशी लांब वाट चालतो. वाटेत चार-पाच कनेक्टर लागतात. वायर बारीक असते, बरेचदा अर्ध्या एमएमची (म्हणजे छेद अर्धा चौरस मिलिमीटर). मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पितळी पाकळ्या काळ्या-हिरव्या पडतात आणि प्रत्येक जोड थोडा थोडा व्होल्ट खातो.

मल्टिमीटरची पाच मिनिटं

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. सोसायटीच्या आवारात काम करणार असाल तर हॉर्नवर जाड फडकं बांधा. मोजमापाला फरक पडत नाही आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही.

आधी बॅटरी. बाइक काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर हॉर्नचा विचार बाजूला ठेवून बॅटरी चार्ज करा किंवा तपासून घ्या. मग इंजिन चालू करून थोडं रेस करा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर चार्जिंगचा दोष आहे. सिग्नलवर उभं असताना हॉर्न जास्त मरगळतो त्याचंही कारण इथेच आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहतो. ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब एकटाच अडीच ते तीन अँपिअर घेतो आणि मंद इंजिनावर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज तयार करणारं यंत्र, तेवढंही धड देत नाही.

आता खरी चाचणी. कुणाला तरी बटण दाबायला सांगा. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सळई हॉर्नला येणाऱ्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवा, वायर काढू नका. दाबलेल्या अवस्थेत तिथले व्होल्ट आणि त्याच वेळचे बॅटरीचे व्होल्ट यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो. एक व्होल्टच्या पुढे गेला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मग लाल सळई हॉर्नच्या दुसऱ्या टोकावर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून पुन्हा दाबा. इथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं. अर्धा-पाऊण व्होल्ट आले तर अर्थिंग खराब आहे. काही मॉडेल्समध्ये बटण हॉर्नच्या अर्थच्या बाजूला असतं. तिथे दुसऱ्या मोजमापात बटणाचाही दोष धरा. एक लक्षात असू द्या. हॉर्नचा कॉन्टॅक्ट सतत उघडझाप करतो, त्यामुळे मीटर दाखवतो ती सरासरी असते. प्रत्यक्ष घट मीटरवर दिसते त्याहून थोडी जास्तच असते.

दोष सापडला तर निम्मं काम फुकटात होतं. हॉर्नच्या पाकळ्या काढून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, मादी कनेक्टर पक्कडीने हलकेच दाबून घट्ट करा, बटणाच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. अर्थची वायर फ्रेमला जिथे बोल्ट केली असेल तिथला रंग आणि गंज खरवडून ती पुन्हा कसा.

व्होल्ट पुरेसे असूनही आवाज घोगरा असेल तर हॉर्नच्या अंगावरचा छोटा अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू बघा. त्यावर बहुधा रंगाचा ठिपका असतो. एका वेळी फेऱ्याच्या आठव्या हिश्शाइतकाच फिरवा, सेकंदभर वाजवा, ऐका. आवाज खणखणीत झाला की थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे हादऱ्याने तो फिरणार नाही. जास्त पिळला तर हॉर्न नुसता टक करून गप्प होतो, करंट वाढतो आणि पॉइंट जळतात. मधोमध असलेल्या मोठ्या नटाला मात्र हात लावू नका. तो चुंबक आणि पडदा यांच्यातली फट ठरवतो. ती एकदा बिघडली की घरी जमवता येत नाही.

एवढं करून आवाज सुधारला तर पैसे वाचले. नाही सुधारला, किंवा सुधारूनही हायवेला पुरेसा वाटत नसेल, तर नवा हॉर्न घ्या.

कुठला घ्यायचा, कुठला घ्यायचाच नाही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ हॉर्नबद्दल आहे. हॉर्न आयएस १८८४ या मानकाला धरून असावा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा, किंवा अति कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न लावता येत नाही. म्हणजे म्युझिकल हॉर्न, कॉम्प्रेसरवर चालणारे प्रेशर हॉर्न, रेल्वेसारखे भोंगे हे सगळं बाद. आवाजाच्या मानकांचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि लायसन्सवरही गदा येते. त्यामुळे दुकानदाराने ‘सगळेच लावतात’ म्हटलं तरी मिंडा, रूट्स, बॉश, हेला अशा जाणत्या कंपनीचा, एकाच सुराचा १२ व्होल्टचा हॉर्न घ्या. दोन घेतले तर जोडी एकाच वेळी वाजणारी हवी.

डब्यावरचे डेसिबल वाचताना ते किती अंतरावर मोजलेत ते बघा, बहुधा दोन मीटरवर असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरवरचे ११२ आठ मीटरवर शंभर होतात, आणि कारची काच बंद असेल तर आत पोचणारे त्याहून बरेच कमी. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबलची वाढ लागते, आणि एकाऐवजी तसेच दोन हॉर्न लावले तर वाढ होते फक्त तीन डेसिबलची. मग जोडी कशाला? एक हाय टोन, एक लो टोन अशी जोडी एकत्र वाजली की आवाज कारसारखा वाटतो आणि पुढचा ड्रायव्हर आरशात बघतो. जोडीचा फायदा मोठेपणापेक्षा या ओळखीत जास्त आहे, म्हणून एकाच टोनचे दोन हॉर्न घेण्यात अर्थ नाही.

१०० ते १२५ सीसीच्या बाइकवर आमचा सल्ला एकाच हॉर्नचा आहे, साडेतीन ते चार अँपिअरचा, मोठ्या तबकडीचा. या बाइकची बॅटरी तीन ते पाच एएचची (अँपिअर-तासांची) असते. दहा अँपिअरची जोडी दोन सेकंद वाजवली तर खर्च होतो जेमतेम ०.००६ एएच, म्हणजे बॅटरी ‘उतरेल’ ही भीती खरी नाही. त्रास वेगळाच असतो: छोट्या किंवा जुन्या बॅटरीवर अचानक दहा अँपिअर ओढले की तिचे व्होल्ट त्या क्षणापुरते कोसळतात, हेडलाइट मंदावतो, मीटर लुकलुकतो. १५० सीसीच्या पुढे, बॅटरी आठ एएचच्या आसपास असेल तर जोडी आरामात चालते.

विकत घेण्याआधी जागा मोजा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क जोरात दाबून बघा. पुढचं मडगार्ड वर येतं तेव्हा हॉर्नला लागता कामा नये. शंखाच्या आकाराचे हॉर्न छोट्या बाइकवर बहुतेक इथेच अडतात.

रिले का, आणि कसा

जुन्या वायरीतून मोठा हॉर्न चालवला तर काय होतं त्याचा हिशोब सोपा आहे. अर्ध्या एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३९ ओहम असतो. जाऊन-येऊन तीन मीटर धरले आणि जोडीचा करंट नऊ अँपिअर धरला तर नुसती वायरच एक व्होल्ट खाते. कनेक्टर, चावीचं स्विच आणि बटण वेगळेच. तीच वायर दीड एमएमची असेल तर घट ०.३६ व्होल्टवर येते. शिवाय हँडलवरचं बटण दोन-अडीच अँपिअरच्या मूळ हॉर्नसाठी बनवलेलं असतं. त्यातून नऊ अँपिअर गेले की कॉन्टॅक्ट जळतात, प्लॅस्टिक वितळतं, आणि मग हॉर्न एक तर वाजत नाही, नाही तर थांबत नाही.

रिले म्हणजे करंटने चालणारं स्विच. बटणातून रिलेच्या कॉइलला जेमतेम दीडशे मिलिअँपिअर जातात आणि हॉर्नचा मोठा करंट बॅटरीतून रिलेमार्गे थेट हॉर्नला जातो. बटण आता फक्त इशारा देतं.

सामान असं घ्या: १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले, ३० किंवा ४० अँपिअरचा, वायरीवाल्या सॉकेटसह, ब्लेड फ्यूजचा वॉटरप्रूफ होल्डर आणि दोन फ्यूज, दीड एमएमची बहुतारी ऑटो वायर, लाल तीन मीटर आणि काळी दोन मीटर, ६.३ मिलिमीटरचे मादी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या पाकळ्या) सहा, रबरी टोप्यांसह. बॅटरीच्या बोल्टच्या मापाचे दोन रिंग लग (गोल कडीची टोकं). आतून गोंद असलेला हीट श्रिंक (तापवला की आवळून बसणारी नळी), वायरीवरची जाळीदार नळी आणि डझनभर केबल टाय. रिले, लग, हीट श्रिंक हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. वायर लोहार चाळीतही मिळेल, पण घरगुती एकतारी वायर घेऊ नका. इंजिनाच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही.

फ्यूज जोडीला १५ अँपिअर, निळा. एका हॉर्नला १० अँपिअर, लाल. फ्यूज उडाला म्हणून पुढचा मोठा टाकू नका. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो.

चावी बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी उपसा, कापू नका. त्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांना जोडा. रिलेच्या पोटावर हे आकडे इंग्रजी अंकांत कोरलेले असतात. बटण पॉझिटिव्हच्या बाजूला असो की अर्थच्या, दोन्ही वायरी अशा कॉइलला दिल्या की विचार करावा लागत नाही; दोन्हीकडे चालतं. अपवाद दोन. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच हवं. आणि जुन्या हॉर्नला एकच वायर असून तो ब्रॅकेटमधून अर्थ घेत असेल, तर ती वायर ८६ ला द्या आणि ८५ फ्रेमला.

पिन ३० वरून लाल वायर फ्यूज होल्डरमार्गे बॅटरीच्या पॉझिटिव्हला. होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा कुणाच्याही संरक्षणाशिवाय असतो. तो टाकीखाली घासून फ्रेमला टेकला तर वायर लाल होऊन पेटू शकते आणि वर पेट्रोल असतं. ही एक गोष्ट कारागीर घाईत सोडून देतात, म्हणून काम बाहेर करून घेत असाल तर उभं राहून फ्यूजची जागा बघा. पिन ८७ वरून लाल वायर निघते. तिला दोन फाटे फोडून दोन्ही हॉर्नच्या एकेका टोकाला द्या. हॉर्नची दुसरी टोकं काळ्या वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्रेमलाही चालतं, पण गंज धरला की तीच पहिली जागा बिघडते. सगळं जोडून झालं की बॅटरी जोडा आणि फ्यूज सगळ्यात शेवटी लावा.

जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळायची पद्धत मुंबईत टिकत नाही. एका पावसाळ्यात टेपचा डिंक सुटतो, दुसऱ्यात तांबं हिरवं पडतं. थिंबल नीट क्रिंप करा (पक्कडीने दाबून वायरीवर आवळा), ओढून बघा, मग हीट श्रिंक चढवा.

बसवताना

हॉर्न पोलादी लवचिक पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी फेकून देऊ नका. हॉर्न थेट फ्रेमला घट्ट आवळला तर त्याची थरथर फ्रेम गिळते आणि शंभर टक्के चांगला हॉर्नही दबका वाजतो. मोठ्या हॉर्नला दोन-तीन पदरी पट्टी लागते, बहुधा डब्यातच असते; लॉक नट लावा. हॉर्नचं अंग कुठल्याही वायरीला, फ्रेमला किंवा रेडिएटरला टेकायला नको; फिन आणि हॉर्न यांत बोटभर फट ठेवा. तोंड पुढे आणि किंचित खाली. शंखवाल्याचं तोंड तर खालीच हवं, नाही तर पहिल्या पावसात त्यात पाणी साठतं. हिंदमातासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून जाणं होत असेल तर हॉर्न पुढच्या चाकाच्या फवाऱ्यापासून शक्य तितका वर ठेवा. रिले सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे, पिना खाली करून बसवा आणि पिनांना थोडं पेट्रोलियम जेली लावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप हॉर्नच्या तोंडावर मारू नका असं सांगा.

चावी लावून बटण दाबलं की टक असा रिलेचा आवाज आला पाहिजे. टक येतो पण हॉर्न वाजत नाही: फ्यूज, पिन ३० किंवा हॉर्नची अर्थ बघा. टकच येत नाही: ८५-८६ कडच्या वायरी किंवा बटण. रिले टकटकटक असा फडफडतो: बॅटरी ढिली किंवा अर्थ सैल. हॉर्न करंट ओढतो, व्होल्ट पडतात, रिले सुटतो, व्होल्ट परत येतात, रिले पुन्हा धरतो, असा तो फेरा असतो. जोडीतला एकच हॉर्न वाजत असेल तर दोन्हींच्या वायरी अदलाबदल करून बघा. दोष हॉर्नबरोबर गेला तर हॉर्न खराब, जागेवरच राहिला तर वायर. शेवटी हॉर्नच्या टोकांवर पुन्हा मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी फरक आला तर काम नीट झालं.

आवाज वाढला की तो कुठे वाजतो याचीही जबाबदारी वाढते. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला मनाई आहे. विनाकारण किंवा सतत वाजवल्यास कलम १९४फ खाली पहिल्यांदा एक हजार आणि नंतर दोन हजार रुपये दंड आहे. काही वर्षांपूर्वी मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलवर ध्वनिमापक लावले होते. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. परळच्या रुग्णालयांबाहेर लोक रात्र रात्र फुटपाथवर काढतात. तिथे अंगठा बटणापासून लांबच ठेवा.

पहिल्या आठवड्यानंतर हॉर्नचा बोल्ट आणि बॅटरीचे दोन्ही लग पुन्हा कसून घ्या. नवी पट्टी बसताना थोडी सैल होते. मग दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, फ्यूज होल्डर उघडून आतल्या पाकळ्या बघा. हिरवटपणा दिसला तर होल्डरच बदला.